लेब्रॉन क्लच आहे का नाही? वाद घालायचाच तर असा घाला

एनबीए, म्हणजे अमेरिकेची बास्केटबॉल लीग, तिच्या फायनल्सची मॅच आपल्याकडे सकाळी सहाच्या सुमाराला सुरू होते, नऊच्या आत संपते, आणि सोलापूरच्या पार्क चौकात चहाचा ग्लास हातात यायच्या आत कुणीतरी सुरू करतोच, "काय बे, तुझा लेब्रॉन सहा फायनल हरलाय, जॉर्डन एक तरी हरलाय का?" मग लेब्रॉन जेम्सवाला म्हणतो करिअरचे चाळीस हजार पॉइंट, मायकेल जॉर्डनवाला म्हणतो सहा-शून्य, म्हणजे सहा फायनल आणि सहाही जिंकल्या, आवाज चढतो, कुणी कोबी ब्रायंटला मध्ये घालतो कुणी स्टेफ करीला, आणि अर्ध्या तासाने सगळे आपापल्या कामाला जातात, नवीन काही कुणालाच कळलेलं नसतं. मला याचं खरंच वाईट वाटतं कारण क्लच कोण, म्हणजे ऐन दडपणात कोण उभा राहतो, हा वाद लई भारी आहे, नीट घातला तर बास्केटबॉल जेवढा या वादातून कळतो तेवढा हायलाइट बघून कधीच कळणार नाही. सोलापुरात तसाही हा गेम बघणारे थोडे, त्यातल्या थोड्यांनी तरी धड भांडावं. म्हणून कसं करायचं ते सगळं सांगतो.

पहिलं काम म्हणजे प्रश्न ठरवा, आणि ठरवल्याशिवाय कुणाचं नावच घेऊ देऊ नका. कारण एक जण शेवटच्या शॉटबद्दल बोलत असतो, दुसरा शेवटच्या पाच मिनिटांबद्दल, तिसरा हरलो तर घरी अशा मॅचबद्दल आणि चौथा अख्ख्या करिअरबद्दल, आणि चौघांना वाटतं आपण एकाच गोष्टीवर भांडतोय. हे चार वेगळे प्रश्न आहेत, चौघांची उत्तरं वेगळी येऊ शकतात आणि त्यात काही बिघडत नाही. मोबाइलच्या नोट्समध्ये चार ओळी लिहा: शेवटचा एक शॉट कोणाला द्याल, शेवटची पाच मिनिटं कोणाच्या हातात द्याल, सीरिज जाणार अशा मॅचला कोण हवा, आणि सगळं धरून मोठा कोण. आज यातल्या कुठल्या ओळीवर बोलायचं ते आधी बोला.

एनबीए स्वतः आकडे ठेवताना क्लच कशाला धरते ते सगळ्यांना माहीत पाहिजे. चौथ्या क्वार्टरची किंवा ओव्हरटाइमची शेवटची पाच मिनिटं, आणि दोन टीममधला फरक पाच पॉइंट किंवा कमी. बस. ही व्याख्या चांगली आहे कारण ती सगळ्यांना सारखी लागते, पण तिच्यातून काय निसटतं तेही बघा. २०१२ ची ईस्टर्न कॉन्फरन्स फायनल, म्हणजे फायनलच्या आधीची सीरिज, आधी चार मॅच जिंकेल तो पुढे, लेब्रॉनची तेव्हाची टीम मायामी ३-२ ने मागे, सहावी मॅच बोस्टनमध्ये, हरले तर सीझन खलास आणि वर्षभर लेब्रॉनला शिव्या. त्या रात्री त्याने ४५ पॉइंट आणि १५ रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) काढले, २६ पैकी १९ शॉट आत. मॅच ९८-७९ ने जिंकली. आता शेवटी फरकच १९ चा राहिला म्हणल्यावर या व्याख्येने बघितलं तर त्यातलं काहीच क्लचमध्ये येत नाही. माझ्या मते लेब्रॉनच्या आयुष्यातला सगळ्यात जास्त दडपणाखालचा खेळ हाच आहे, आणि आकड्यांच्या चाळणीतून तो अख्खा पडून जातो. म्हणून तिसऱ्या ओळीचं बोलताना व्याख्येवर अडून बसू नका.

उलटी बाजूही आहे. मे २००७, डेट्रॉइटमध्ये पाचवी मॅच, लेब्रॉन २२ वर्षांचा. त्याच्या तेव्हाच्या टीमच्या, क्लीव्हलंडच्या, शेवटच्या ३० पॉइंटपैकी २९ याचे, आणि सलग शेवटचे २५ याचेच, दोन ओव्हरटाइम, १०९-१०७, एकूण ४८. शेवटचा लेअप दोन-अडीच सेकंद राहिले असताना. ही मॅच कुठल्याही व्याख्येत बसते. पण "लेब्रॉनने शेवटचा शॉट मारला" असं म्हणून ती संपवली तर तिची किंमतच गेली, कारण तिथे एक शॉट नाही, एकामागोमाग एक शॉट आहेत, आणि समोर त्या काळातला सगळ्यात चिवट डिफेन्स. ही मॅच अख्खी बघा. चौथ्या क्वार्टरच्या मध्यापासून लावा, शेवटच्या दहा सेकंदांपासून नको.

दुसरं काम, वही दोन्ही बाजूने लिहायची. जमा पण, खर्च पण. आपल्याकडे वादात लोक फक्त आत गेलेले शॉट मोजतात नाहीतर फक्त चुकलेले मोजतात, ज्याचा त्याचा आवडता बघून. मी लेब्रॉनवाला आहे, हे उघड सांगतो, आणि लेब्रॉनवाल्यांना माझं पहिलं सांगणं हेच की २०११ तुम्ही स्वतः काढा, समोरच्याने काढायची वाट बघू नका. डॅलसविरुद्धची ती फायनल, चौथ्या मॅचमध्ये फक्त ८ पॉइंट, ११ पैकी ३ शॉट, सीरिजमध्ये सरासरी १७.८ आणि सगळ्यात वाईट म्हणजे चौथ्या क्वार्टरमध्ये तो बॉल मागतच नव्हता, कोपऱ्यात उभा राहायचा. याला काही उत्तर नाही, ते तसंच आहे. २०१० ला बोस्टनविरुद्ध पाचवी मॅच, घरच्या मैदानावर १४ पैकी ३ शॉट आणि ३२ पॉइंटने हार, तीही खर्चात लिहा. हे तुम्ही आधी बोललात की समोरच्याचा अर्धा दारूगोळा संपतो आणि मग तो तुमचं ऐकायला लागतो, हे अगदी हमखास होतं.

पण मग जॉर्डनची वहीही तशीच लिहायची. सहा-शून्य हा आकडा खरा आहे, १९९१ ते ९३ आणि ९६ ते ९८, सहाही वेळा फायनल्स एमव्हीपी, म्हणजे फायनलचा सर्वोत्तम खेळाडू, असं दुसऱ्या कुणाचं नाही, इथे मान वाकवायचीच. मात्र त्याआधी १९८५, ८६, ८७ तिन्ही वर्षं तो पहिल्याच राउंडमध्ये बाहेर, मग ८८, ८९, ९० ला डेट्रॉइटने अडवलं. सहा-शून्य म्हणताना ही वर्षं कुठे जातात? फायनलमध्ये हरणं हे पहिल्या राउंडमध्ये हरण्यापेक्षा वाईट कसं धरायचं हे मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही. लेब्रॉन दहा फायनल खेळला, चार जिंकला. त्यातली २०१५ ची घ्या, क्लीव्हलंडचे त्याचे साथीदार, केव्हिन लव्ह आधीच बाहेर, कायरी अर्व्हिंग पहिल्याच मॅचमध्ये जखमी, आणि याने सरासरी ३५.८ पॉइंट, १३.३ रिबाउंड, ८.८ असिस्ट (साथीदाराच्या बास्केटला दिलेला पास) काढून सीरिज सहाव्या मॅचपर्यंत ओढली. हरला. ही हार आणि २०११ ची हार वहीत एकाच खान्यात टाकणार असाल तर वही लिहूच नका.

आता निक अँडरसनबद्दल सांगतो, कारण वादात कुणाला लई चढलं की हे नाव काढायचं. मे १९९५, जॉर्डन बेसबॉल सोडून नुकताच परत आलेला, ४५ नंबरची जर्सी, ऑरलँडोविरुद्ध पहिली मॅच, जॉर्डनची टीम शिकागो एका पॉइंटने पुढे आणि बॉल जॉर्डनच्या हातात. मागून येऊन ऑरलँडोच्या निक अँडरसनने तो बॉल ढकलून काढला, ऑरलँडोने बास्केट केली, मॅच गेली, पुढे सीरिजही गेली. म्हणजे जॉर्डनकडून शेवटच्या सेकंदांत बॉल काढणारा हा माणूस. पुढच्याच महिन्यात फायनलची पहिली मॅच, ह्यूस्टनविरुद्ध, ऑरलँडो तीनने पुढे, थोडेच सेकंद बाकी, आणि याच निक अँडरसनने लागोपाठ चार फ्री थ्रो (फाउलनंतर कुणी अडवायला नसताना मारायचे एकेका पॉइंटचे शॉट) घालवले. एक जरी गेला असता तरी मॅच जवळपास हातात होती. ह्यूस्टनच्या केनी स्मिथने थ्री, म्हणजे लांबून तीन पॉइंटचा शॉट, मारून बरोबरी केली, ओव्हरटाइममध्ये ऑरलँडो हरलं आणि सीरिज ४-० ने गेली. आता सांगा निक अँडरसन क्लच का नाही? मेमध्ये होता, जूनमध्ये नव्हता. क्लच असणं हा एका माणसाचा कायमचा गुण आहे असं समजून बोलणाऱ्याला ही गोष्ट सांगा आणि थोडा वेळ गप्प बसा.

तिसरं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, अख्खं पझेशन बघा, म्हणजे बॉल एका टीमकडे असतो तो सगळा वेळ. शॉट कोणी मारला एवढंच नाही, बॉल तिथपर्यंत आला कसा, आणि त्याच्या आधीचं समोरच्याचं पझेशन कोणी मोडलं. २०१६ ची सातवी मॅच लावा. गोल्डन स्टेट, करीची टीम, त्या सीझनला ७३ मॅच जिंकलेली, फायनलमध्ये ३-१ ने पुढे, तिथून क्लीव्हलंडने पाचवी घेतली (लेब्रॉन ४१, कायरी ४१), सहावी घेतली (लेब्रॉन परत ४१), आणि सातवीत चार-साडेचार मिनिटं बाकी असताना ८९-८९. तिथून पुढे साडेतीन मिनिटांच्या वर कुणाचाच स्कोअर हलत नाही. दोन्ही टीमचे पाय जड झालेत, शॉट रिंगला लागून बाहेर येतायत, कायरीचा एक चुकतो, गोल्डन स्टेटचा आंद्रे इग्वाडाला रिबाउंड घेऊन पळतो, करीला देतो, करी परत त्याला देतो, समोर क्लीव्हलंडचा जेआर स्मिथ एकटा. इथे पॉज करा. लेब्रॉन कुठे आहे बघा. फ्रेममध्ये जवळजवळ नाहीच, मागून येतोय. इग्वाडाला जेआरला चुकवायला हवेत किंचित शरीर वळवतो, तेवढाच एक क्षण मिळतो, आणि लेब्रॉन मागून येऊन बॉल बोर्डवर चिकटवतो. घड्याळात १:५० राहिलेत. जेआर समोर नसता तर तो क्षण मिळाला नसता, त्याचं नाव कुणी घेत नाही, तुम्ही घ्या.

मग ५३ सेकंद राहिले असताना कायरी करीच्या डोक्यावरून थ्री मारतो. पुढच्या पझेशनला करीसमोर केव्हिन लव्ह येतो, उंच, हळू पाय, सगळ्यांना वाटतं आता करी याला नाचवणार, आणि लव्ह त्याला सोडतच नाही, करीचा थ्री चुकतो. नंतर लेब्रॉन डंक करायला उडतो, गोल्डन स्टेटचा ड्रेमंड ग्रीन फाउल करतो, लेब्रॉन मनगटावर आपटतो, बराच वेळ उठत नाही. उठून पहिला फ्री थ्रो चुकवतो, दुसरा आत. ९३-८९. आता हिशेब करा, शेवटच्या साडेचार मिनिटांत लेब्रॉनच्या नावावर पॉइंट किती? एक. फक्त एक फ्री थ्रो. नुसता स्कोअर बघणाऱ्याला विचारलं तर तो म्हणेल शेवटी लेब्रॉन काहीच केला नाही, कायरीने जिंकवलं. आणि मॅच बघणारा म्हणेल तो ब्लॉक नसता तर कायरीचा थ्री जिंकवणारा ठरलाच नसता. दोघांचंही थोडं खरं आहे म्हणूनच अख्खं बघायचं. २७ पॉइंट, ११ रिबाउंड, ११ असिस्ट, सातव्या मॅचमध्ये ट्रिपल डबल (तीन खान्यांत दहा किंवा जास्त), हे नंतर वाचा, आधी ती मिनिटं बघा.

पासचा मुद्दाही इथेच येतो आणि यावर सोलापुरात मी लई भांडलोय. लेब्रॉन शेवटी पास देतो म्हणून घाबरतो, असं म्हणणारे भरपूर. त्यांना दोन पास शेजारी ठेवून दाखवा. १९९७ च्या फायनलची सहावी मॅच, बरोबरीत, जॉर्डनवर दोघं धावून आले, त्याने साथीदार स्टीव्ह करला बॉल दिला, करने पाच सेकंद राहिले असताना शॉट मारला, आत. सगळे म्हणाले बघा, साथीदारावर विश्वास. २००७ ला डेट्रॉइटविरुद्ध पहिली मॅच, क्लीव्हलंड दोनने मागे, लेब्रॉन आत घुसला, डिफेन्स गोळा झाला, त्याने कोपऱ्यात मोकळ्या उभ्या डॉन्येल मार्शलला दिला, थ्री चुकला, ७९-७६ ने हार. सगळे म्हणाले घाबरला. पास तोच, फक्त एक बॉल आत गेला एक नाही गेला. आणि वर सांगितलेली २९ पॉइंटवाली रात्र त्याच सीरिजमधली, चार मॅच नंतरची, हेही लगेच जोडून सांगा म्हणजे घाबरण्याचा मुद्दा तिथेच बसतो.

लेब्रॉनचा मायामीतला साथीदार रे अॅलन, त्याचा शॉट निघणारच, त्याची तयारी ठेवा. २०१३ ची सहावी मॅच, सॅन अँटोनियो ३-२ ने पुढे, २८ सेकंद राहिले आणि पाचचा फरक, ट्रॉफी द्यायला कोर्टच्या कडेने दोर लावायला सुरुवात झालेली. इथे लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतो अॅलनने लेब्रॉनला वाचवलं, दुसरा म्हणतो चौथ्या क्वार्टरमध्ये लेब्रॉनचे १६ पॉइंट नसते तर अॅलनला शॉटच मिळाला नसता. नीट बघितलं तर शेवटच्या मिनिटात लेब्रॉनने बॉल घालवला, एक थ्री चुकला, परत बॉल मिळून तोच थ्री मारला, मग बरोबरीचा थ्री चुकला, मायामीच्याच ख्रिस बॉशने रिबाउंड काढून अॅलनला दिला, आणि अॅलन न बघता मागे सरकत कोपऱ्यात गेला आणि ५.२ सेकंद राहिले असताना मारला. बॉशचा हात तिथे कसा पोहोचला तर सॅन अँटोनियोचा उंच टिम डंकन बाहेर बसलेला, कोच पॉपोविचने त्याला काढलं होतं. म्हणजे एका शॉटमध्ये चार-पाच माणसांचं नशीब गुंतलेलं. मग सातव्या मॅचमध्ये लेब्रॉनचे ३७ पॉइंट आणि १२ रिबाउंड, ते सांगायला विसरू नका, लोक सहावी लक्षात ठेवतात आणि सातवी विसरतात.

साथीदार वाचवतात तसे बुडवतातही. २०१८ च्या फायनलची पहिली मॅच, लेब्रॉन ५१ पॉइंट, बरोबरी, जॉर्ज हिलचा दुसरा फ्री थ्रो चुकला, जेआर स्मिथने रिबाउंड काढला आणि बॉल घेऊन बास्केटपासून लांब पळाला. ओव्हरटाइममध्ये हार. कायरी आणि अॅलनचं देणं लेब्रॉनच्या वहीत लिहायचं असेल तर ही रात्रही लिहायला पाहिजे.

रिंग, म्हणजे टायटल जिंकल्यावर मिळणारी अंगठी, मोजून मोठेपणा ठरवणाऱ्याला दोन नावं पुरतात, फार वेळ घालवायची गरज नाही. रॉबर्ट ऑरीच्या सात रिंग आहेत, जॉर्डनपेक्षा एक जास्त, आणि तो खरंच शेवटी शॉट मारायचा, २००२ ला सॅक्रामेंटोविरुद्ध बझरवर मारलेला थ्री अजून अंगावर येतो, पण ऑरीला जॉर्डनच्या वर कुणी ठेवत नाही. आणि दुसरं नाव जेरी वेस्ट. माणसाला मिस्टर क्लच म्हणायचे, नऊ फायनल खेळला, आठ हरला, एक जिंकला, १९७२ ची. १९६९ ला हरलेल्या टीममधून फायनल्स एमव्हीपी झाला, आजवर तो एकटाच. एनबीए २०२२-२३ पासून वर्षातल्या सगळ्यात क्लच खेळाडूला जी ट्रॉफी देते ती याच्याच नावाची आहे. आठ फायनल हरलेल्या माणसाच्या नावाची. हे एकदा टपरीवर सांगितलं की जॉर्डन सहा, लेब्रॉन चार, सहा-चार, सहा-चार करणं जरा थांबतं.

आपल्याकडे वादात कुणीतरी काका क्रिकेटवाले असतातच, त्यांना बाहेर ठेवू नका, उलट जवळ बसवा. त्यांना चेन्नईची १९९९ ची टेस्ट आठवायला सांगा, पाकिस्तानविरुद्ध २७१ करायचे, पाठ धरलेली असताना सचिन १३६ करतो, १७ रन बाकी असताना आउट होतो आणि उरलेल्या तीन विकेट चार रनमध्ये जातात, १२ रननी हार. काका, सचिन त्या दिवशी शेवट करू शकला नाही का त्याच्याशिवाय तिथवर पोहोचलोच नसतो? काका जे उत्तर देतील ते लिहून घ्या आणि तेच माप २०१५ ला लावायला सांगा. क्रिकेटचा माणूस या प्रश्नावर फार प्रामाणिक बोलतो असा माझा अनुभव आहे, कारण ते दुखणं त्याने स्वतः सोसलेलं असतं.

काळाचा फरक थोडक्यात. थ्री पॉइंट लाइन एनबीएमध्ये १९७९-८० ला आली, त्याआधीच्या खेळाडूंच्या शेवटच्या शॉटची किंमतच वेगळी. झोन डिफेन्सला (ठरलेला माणूस न धरता जागा अडवणं) २००१-०२ पासून परवानगी, म्हणजे आज स्टारवर माणसं पाठवणं सोपं. उलट हाताने धरून अडवण्यावर २००४-०५ पासून कडक नियम, म्हणजे आज आत घुसणं सोपं. पहिला राउंड २००२ पर्यंत पाच मॅचचा असायचा, म्हणून १९८९ ला जॉर्डनने क्रेग ईलोवरून मारलेला तो शॉट पाचव्या, शेवटच्या मॅचमधला आहे, चुकला असता तर घरी. बिल रसेलच्या ११ टायटल कुणी काढल्या तर त्यांच्या काळात टीम किती कमी होत्या ते सांगा, पण मान ठेवून सांगा, ११ म्हणजे ११.

आता बसायचं कसं. चार ते सहा जण बरे, त्याच्या वर गेलं की कुणी कुणाचं ऐकत नाही. आमच्यात एक जुळे सोलापूरचा, एक अशोक चौकाकडचा, घरात तेलुगू बोलतो, एक विजापूर रोडचा जो चिडला की कन्नडमध्ये सुरू होतो, आणि खरं सांगतो भाषा बदलली की भांडण चढतं, म्हणून चिडल्यावर दोन मिनिटं थांबायचा नियम केला. प्रत्येकाने एकच मॅच आणायची, आठवणीतून नाही, प्ले-बाय-प्ले उघडून. एनबीएच्या साइटवर प्रत्येक मॅचचा बॉक्स स्कोअर मिळतो, हल्लीच्या मॅचचा सेकंदासेकंदाचा हिशेबही असतो. ज्याने मॅच आणली त्याने ती का आणली ते सांगायचं आणि बाकीच्यांनी क्लिप पूर्ण झाल्याशिवाय बोलायचं नाही. "थांब की बे, बघू दे आधी, काय बोलायलालास मध्येच" हे वाक्य आमच्यात सगळ्यात जास्त वेळा म्हटलं जातं.

सुरू करायच्या आधी प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची: कुठली गोष्ट दिसली तर माझं मत बदलेल. जॉर्डनवाला म्हणाला, लेब्रॉनने हरलो तर घरी अशा मॅचमध्ये सातत्याने जास्त केलंय हे दिसलं तर मानेन. मी म्हणालो, शेवटच्या एका शॉटसाठी जॉर्डनच हवा हे मी आधीच मानतो, १९९८ ला युटामध्ये कार्ल मलोनच्या हातातून बॉल काढून दुसऱ्या टोकाला जाऊन ५.२ सेकंद राहिले असताना मारलेला शॉट, ८७-८६, त्या रात्री ४५ पॉइंट, यापुढे माझ्याकडे काही नाही. पण शेवटची पाच मिनिटं, दोन्ही टोकांना, पास, रिबाउंड, ब्लॉक सगळं धरून, मी लेब्रॉनला देईन. ज्याला आपलं मत कशाने बदलेल हे सांगताच येत नाही त्याच्याशी चहा प्या, वाद नको.

शेवटच्या शॉटवर बोलताना अजून एक ध्यानात ठेवा. असे शॉट एका माणसाच्या अख्ख्या करिअरमध्ये तसे थोडेच येतात, आणि ते नेहमीच्या शॉटपेक्षा जास्त चुकतात, कुणाचेही, कारण समोरच्या पाचही जणांना माहीत असतं बॉल कोणाकडे जाणार. कोबीने २०१० ची सातवी मॅच जिंकली त्यात त्याचे २४ पैकी ६ शॉट आत गेले होते, पण १५ रिबाउंड काढले आणि टीम ८३-७९ ने जिंकली. लोकांना त्या रात्रीचा कोबी विजेता म्हणून आठवतो आणि ते बरोबरच आहे. तेवढंच मोठं मन दुसऱ्यांच्या २४ पैकी ६ ला दाखवा.

बोलून झालं की मैदानावर जा, ऊन उतरल्यावर. हे मी मनापासून सांगतो कारण यातून जे कळतं ते स्क्रीनवर कळत नाही. एकाने कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन वेळा जोरात पळायचं, थांबायचं नाही, सरळ फ्री थ्रो लाइनवर यायचं आणि दोन शॉट मारायचे, बाकीच्यांनी बास्केटच्या मागे उभं राहून ओरडायचं, आणि दोन्ही चुकले तर चहाचं बिल त्याचं. बघा काय होतं. पाय थरथरतात म्हणून बॉल कमी पडतो, पुढच्या रिंगला लागतो. मग दुसरा शॉट माणूस घाबरून जोरात मारतो, तो मागच्या रिंगला लागून उडतो. पंधरा फुटांवरून, समोर कुणी अडवायला नसताना. आमच्यातला जो सगळ्यात जास्त शिव्या द्यायचा त्याचा पहिला शॉट रिंगला पण लागला नाही, आणि त्याने स्वतःहून २०१६ चा तो दुसरा फ्री थ्रो परत लावून बघितला, मनगट धरून उभा असलेला लेब्रॉन.

लेगसीची, म्हणजे सगळं धरून मोठा कोण, ही चौथी ओळ मात्र त्याच दिवशी घेऊ नका, वेगळा दिवस ठेवा. तिथे क्लच हा एक खाना आहे, बाकीचे खाने बरेच. ७ फेब्रुवारी २०२३ ला लेब्रॉनने करीम अब्दुल-जब्बारचा ३८,३८७ पॉइंटचा रेकॉर्ड मोडला, मार्च २०२४ ला चाळीस हजार पार केले, तीन वेगवेगळ्या टीमबरोबर टायटल, ऑक्टोबर २०२४ ला स्वतःच्या मुलाबरोबर एकाच टीममधून कोर्टवर उतरला, आधी कुणी बाप-लेक असे उतरले नव्हते. २०१८ ला आपल्या गावात, अॅक्रनमध्ये, अडचणीतल्या पोरांसाठी शाळा सुरू केली, ती मी लेगसीत धरतो, कुणी नाही म्हणेल तर त्याचं कारण ऐकतो. आणि २०२४ च्या ऑलिम्पिकला, ३९ वर्षांचा असताना, सर्बियाविरुद्ध सेमीफायनल हातातून चाललेली अमेरिकेच्या टीमने ओढून आणली, करीचे ३६ पॉइंट, लेब्रॉनचा ट्रिपल डबल, मग फ्रान्सविरुद्धच्या फायनलमध्ये शेवटच्या मिनिटांत करीचे एकामागोमाग थ्री. करीवाले मित्र इथे उभे राहतील, त्यांना बोलू द्या, त्या दोन रात्री त्यांच्याच होत्या.

शेवटी मत घ्यायचं ते चारही ओळींवर वेगळं घ्या. कागदावर चार खाने, प्रत्येकाने प्रत्येक खान्यात एक नाव, खाली तारीख, फोटो काढून ग्रुपवर टाका. पुढच्या जूनला फायनल्स संपल्या की तोच कागद उघडा, ज्याचं नाव बदललं असेल त्याने फक्त एवढंच सांगायचं की कुठल्या मॅचने बदललं, आणि ती मॅच त्या दिवशी सगळ्यांनी मिळून पहिल्यापासून बघायची.